शिवराई : प्रकार आणि ओळख

शिवराई : छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने पाडण्यात आलेले तांब्याचे नाणे. साधारणतः गोल, जाड व हातठशाने पाडलेले हे नाणे सु. २ सेंमी. व्यासाचे असते. त्याच्या दर्शनी बाजूवर ‘श्री / राजा / शिव’ असा तीन ओळींचा आणि मागील बाजूवर ‘छत्र / पति’ असा दोन ओळींचा देवनागरी लेख असून दोन्ही बाजूंस कडेने बिंदूंचे वर्तुळ असते. महाराजांच्या राज्याभिषेकापासून (६ जून १६७४) हे नाणे पडू लागले. पुढे सातारा, कोल्हापूर व पुणे येथील सत्तांच्या काळात, आणि पेशवाईच्या अस्तानंतरही, ते महाराष्ट्राच्या बाजारपेठांत चालत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दख्खन व कोकण भागांत पैसा म्हणजे बहुधा शिवराईच होती. भारतातील फारच थोड्या नाण्यांना एका व्यक्तीच्या नावाने इतके दीर्घ आयुष्य लाभले आहे.

या दीर्घायुष्यामुळेच शिवराईच्या अभ्यासात एक मूलभूत अडचण उत्पन्न झाली आहे. शिवराईवर सन नाही, टाकसाळीचे नाव नाही आणि राज्यवर्षही नाही. मोगलांच्या नाण्यांवर हिजरी वर्ष, जुलूस वर्ष व टाकसाळीचे नाव ही तिन्ही असत. त्यामुळे त्यांचा काळ ठरविण्यास बहुतेक वेळा नुसते वाचन पुरते. शिवराई वाचून फक्त नाव कळते. ती १६७५ मध्ये रायगडाच्या परिसरात पाडलेली आहे, की १८०० च्या सुमारास एखाद्या मक्तेदाराच्या टाकसाळीत, याचा निर्णय अक्षरांची धाटणी, शब्दांचे लेखन, ओळींची रचना, चिन्हे, वजन आणि धातूची घडण यांवरूनच करावा लागतो. शिवाजी महाराजांच्या ‘नावाचे’ नाणे आणि त्यांच्या ‘काळाचे’ नाणे हा भेद म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. आज संग्राहकांच्या हाती असलेल्या शिवरायांपैकी बहुसंख्य पहिल्या प्रकारात मोडतात. दुसऱ्या प्रकारात निःसंशयपणे घालता येतील अशी नाणी थोडी आहेत. बाजारात मात्र सरसकट सर्वच शिवरायांना ‘शिवकालीन’ म्हटले जाते.

प्रारंभ : शिवराईची पूर्वमर्यादा निश्चित आहे. ‘छत्रपती’ हे बिरुद राज्याभिषेकाच्या वेळी धारण करण्यात आले, म्हणून ते ज्यावर आहे असे कोणतेही नाणे १६७४ पूर्वीचे असू शकत नाही. तत्पूर्वी महाराजांच्या मुलखात विजापूर व अहमदनगर येथील सुलतानांची तांब्याची नाणी, दक्षिणेतील विविध प्रकारचे होन, सुरतेचे व अन्य मोगली रुपये आणि किनाऱ्यावर लारी व पोर्तुगीज नाणी चालत. राज्याभिषेकानंतर सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही स्वतःची नाणी पाडण्यात आली. दोहोंवरील लेख एकच आहे. होन अत्यंत दुर्मिळ असून त्याचे वजन पावणेतीन ग्रॅ.च्या आसपास भरते. सुलतानांच्या तांब्याच्या नाण्यांवरील फार्सी लेखाच्या जागी देवनागरी लेख आला, ही राज्यव्यवहाराच्या भाषेबाबत त्या काळात जे धोरण अवलंबिले गेले त्याला धरूनच झालेली गोष्ट होय.

राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता. इंग्रजांनी मांडलेल्या कलमांत आपले नाणे महाराजांच्या राज्यात चालावे असे एक कलम होते. त्याला मिळालेल्या उत्तराचा आशय असा, की नाणे चालण्यास मज्जाव नाही, पण ते त्याच्या अंगच्या धातूच्या किंमतीइतकेच चालेल, लोकांवर त्याची सक्ती केली जाणार नाही. त्या काळी नाण्याची किंमत मुख्यतः धातूत व वजनात असे, ही गोष्ट शिवराईचे प्रकार तपासताना सतत ध्यानात ठेवावी लागते. तांब्याचे नाणे सराफाच्या व वाण्याच्या हाती वजनाने पारखले जाई. अक्षरांच्या सुबकतेची चिकित्सा कोणी करीत नसे. म्हणून ठसे कोरणाऱ्यांना लेखनात बरीच मोकळीक राहिली आणि तीच आज अभ्यासकाच्या उपयोगी पडते.

नाव एक, राजे अनेक : ‘श्री राजा शिव’ या लेखावरून राजा ठरविणे वाटते तितके सोपे नाही. छत्रपतींच्या घराण्यात शिवाजी हे नाव पुन्हापुन्हा आले आहे. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर १७०० मध्ये ताराबाईंनी आपल्या मुलास गादीवर बसविले. त्याचे नाव शिवाजीच होते (कार. १७००–१४). पुढे कोल्हापूरच्या गादीवर आणखी एक शिवाजी (कार. १७६२–१८१३) येऊन गेला. या दोघांच्या टाकसाळींत पडलेल्या नाण्यांवर दुसरे कोणते नाव असण्याचे कारण नव्हते. याशिवाय सातारकर छत्रपतींच्या नावाने कारभार करणाऱ्या पेशव्यांच्या मुलखातही मूळ पुरुषाच्याच नावाची शिवराई पडत राहिली. म्हणजे एकाच लेखाच्या नाण्यांवर निदान चार वेगवेगळे दावे आहेत.

इतर नावांच्या शिवरायांतही हीच गुंतागुंत आहे. ‘श्री राजा शंभु छत्रपति’ असा लेख असलेली नाणी संभाजी महाराजांची (कार. १६८१–८९) म्हणून सांगितली जातात, परंतु कोल्हापूरच्या संभाजीचा (कार. १७१४–६०) काळ त्याहून पुष्कळच दीर्घ आहे. ‘श्री राजा राम छत्रपति’ हा लेख राजाराम महाराजांचा (कार. १६८९–१७००) असू शकतो किंवा साताऱ्याच्या रामराजाचा (कार. १७४९–७७). ‘शाहु’ नावाच्या नाण्यांच्या बाबतीतही साताऱ्याचे दोन शाहू ध्यानात घ्यावे लागतात. अशा वेळी नावापेक्षा नाण्याची घडण अधिक बोलते. राजाराम महाराजांची कारकीर्द बव्हंशी जिंजीच्या वेढ्यात व धामधुमीत गेली. त्या परिस्थितीत पडलेले नाणे आणि साताऱ्याच्या शांत गादीच्या नावाने मक्त्याने पडलेले नाणे यांत फरक असणे साहजिक आहे. मात्र तो फरक एकेका नाण्यावर दाखवून देणे हे कष्टाचे काम आहे व ते सर्वत्र साधलेले नाही.

लेखनभेद : शिवरायांचे सर्वांत सहज नजरेत भरणारे भेद लेखनाचे आहेत. दर्शनी बाजूवरील नाव ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’ व ‘सीव’ अशा चारही प्रकारे कोरलेले आढळते. मागील बाजूवर ‘पति’ आणि ‘पती’ असे दोन्ही प्रकार येतात. दर्शनी व मागील बाजूंच्या जोड्या जुळविल्या, तर नुसत्या लेखनभेदावरूनच प्रकारांची संख्या बरीच वाढते. संग्राहकांच्या याद्या बहुधा याच भेदांवर आधारलेल्या असतात.

या भेदांचा काळाशी संबंध आहे काय, हा खरा प्रश्न आहे. ‘शिव’ व ‘पति’ ही शुद्ध रूपे आद्य, आणि बाकीची अशुद्ध रूपे उत्तरकालीन, असा एक सोपा समज रूढ आहे. तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. सतराव्या-अठराव्या शतकांतील दप्तरी लेखन मोडी लिपीत होत असे आणि मोडीत ऱ्हस्व व दीर्घ इकारांचा भेद सहसा पाळला जात नसे. मोडीच्या सवयीच्या माणसाने ठशासाठी लेख काढून दिला, तर त्याच्या हातून ‘शीव’ व ‘पती’ ही रूपे कोणत्याही दशकात सहज उतरली असती. ‘श’ व ‘स’ यांची गल्लत ही उच्चारातून येणारी आहे. तीही एका पिढीपुरती मर्यादित म्हणता येत नाही. ठसे कोरणारा कारागीर पुष्कळदा निरक्षर असे व समोरच्या नमुन्यावरून आकृती उतरवून काढी. ‘शि’ मधील वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता चुकून उजवीकडे गेली, की वाचकाच्या दृष्टीने ‘शी’ झाला, पण कोरणाऱ्याच्या दृष्टीने त्यात काहीच बिघडले नव्हते. तेव्हा लेखनभेदावरून प्रकार पाडता येतात, गटही करता येतात, परंतु केवळ त्यावरून साल ठरविणे धोक्याचे आहे. शुद्ध लेखन हे आद्य नाण्यांचे एक लक्षण असू शकेल, पण शुद्ध लेखनाची प्रत्येक शिवराई आद्य नव्हे.

ॲबट यांचे संशोधन : शिवरायांच्या वर्गीकरणाचा पहिला पद्धतशीर प्रयत्न जस्टिन एडवर्ड्‌स ॲबट (१८५३–१९३२) यांनी केला. अमेरिकन मराठी मिशनचे हे पाद्री मराठी संतवाङ्‌मयाचे इंग्रजी अनुवादक म्हणून अधिक परिचित आहेत. शिवराई चलनातून नाहीशी होण्याच्या बेतात असताना त्यांनी सु. २५,००० नाणी नजरेखालून घातली आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आपला प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. वरील लेखनभेदांची नोंद अशा मोठ्या प्रमाणावर प्रथम त्यांनीच केली. त्यांच्या निष्कर्षांपेक्षाही त्यांचा नाणीसाठा मोलाचा होता. आज कोणाही एका अभ्यासकास इतकी नाणी, तीही प्रत्यक्ष चलनातून आलेली, एकत्र पाहावयास मिळणे शक्य नाही. आपल्या अभ्यासास त्यांनी ‘प्राथमिक’ असेच म्हटले होते. नंतरच्या काळात के. के. माहेश्वरी व केनेथ विगिन्स यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठा टाकसाळी व नाणी या विषयावरील इंग्रजी ग्रंथाने सर्व मराठी नाणकसृष्टीची टाकसाळवार मांडणी केली व शिवराईचा विचारही त्या चौकटीत होऊ लागला.

घडण, अक्षरवटिका व वजन : ज्या शिवराया सर्वसाधारणपणे आद्य मानल्या जातात, त्यांची काही लक्षणे एकत्र आढळतात. नाणे जाड व भरीव असते. वजन ११ ते १३ ग्रॅ.च्या दरम्यान असते. अक्षरे रेखीव, आटोपशीर व सारख्या जाडीची असून ओळींत नीट बसविलेली असतात. बिंदू सुटे व गोल असतात. ओळींच्या मध्ये आडव्या रेघा नसतात आणि लेखाखेरीज दुसरे चिन्ह सहसा नसते. यांपैकी एकच लक्षण असून भागत नाही. तीन-चार लक्षणे एकत्र आली, तरच नाणे या गटात घालणे योग्य.

यांतील वजन या लक्षणाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. जमिनीत पुरलेले तांबे झिजते व त्यावर हिरवट थर चढतो. दीडशे वर्षे हातोहात फिरलेले नाणेही झिजते. म्हणून साडेदहा ग्रॅ. भरणारी एखादी शिवराई मुळात बारा ग्रॅ.ची असू शकेल. एका नाण्याच्या वजनावरून काहीच सिद्ध होत नाही. एकाच ठशाच्या किंवा एकाच गटाच्या बऱ्याच नाण्यांची वजने मांडून त्यांतील वरची मर्यादा पाहिली, तर टाकसाळीचा ठरीव तोल लक्षात येतो. उत्तर पेशवाईतील शिवराया सामान्यतः हलक्या आहेत. याला कागदोपत्री दुजोराही मिळतो. पेशव्यांच्या रोजनिश्यांच्या आधारे महादेव गोविंद रानडे यांनी मराठी राज्यातील चलन व टाकसाळी यांवर लिहिलेल्या निबंधात कोकणातील नागोठणे, रेवदंडा यांसारख्या ठिकाणी अठराव्या शतकाच्या मध्यास दिलेल्या टाकसाळीच्या परवान्यांची माहिती आहे. ठराविक मुदत, सरकारात भरावयाची रक्कम व पैशाचे वजन या बाबी परवान्यात नमूद असत आणि हे वजन नऊ-दहा मासे होते. बारा माशांचा ११·६६ ग्रॅ.चा तोळा धरल्यास दहा मासे म्हणजे सु. ९·७ ग्रॅ. होतात. आद्य शिवराईच्या तुलनेत ही घट लहान नाही.

मक्त्याने चालणाऱ्या टाकसाळींमुळे प्रकारांची संख्या का वाढली, हेही यावरून कळते. प्रत्येक परवानेदार आपले ठसे स्वतः कोरून घेई. समोर नमुना शिवराईचा असे, पण हात निराळा. चकतीपेक्षा ठसा मोठा असल्यास अक्षरांचा काही भागच उमटे. आज सापडणाऱ्या अनेक शिवरायांवर ‘श्री’ अर्धवट असते किंवा ‘शिव’ कडेबाहेर गेलेले असते, याचे कारण हेच आहे. संपूर्ण लेख व दोन्ही बाजूंचे बिंदुवर्तुळ स्पष्ट असलेले नाणे विरळा सापडते.

दुदांडी शिवराई : शिवराईच्या उत्तरकालीन प्रकारांत हा सर्वांत ठळक होय. यात लेखाच्या ओळींमध्ये दोन समांतर आडव्या रेघा असतात. या दोन दांड्यांवरूनच लोकांनी तिला हे नाव दिले. अक्षरे मोठी व ठोकळ असून नाणे बहुधा पातळ व पसरट असते. दुदांडी शिवराया अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, विशेषतः पेशवाईच्या अखेरच्या दशकांत व तिच्या अस्तानंतर, विपुल प्रमाणात पडल्या. संग्राहकांस मिळणाऱ्या शिवरायांत त्यांचे प्रमाण मोठे आहे. ज्या नाण्यावर दोन रेघा स्पष्ट दिसतात त्यास शिवकालीन म्हणण्यास आधार नाही, हा या सर्व विषयातील बहुधा सर्वांत खात्रीचा नियम आहे. तरीही अशी नाणी ‘रायगडाची’ म्हणून चौकटीत बसविलेली वारंवार पाहावयास मिळतात.

चिन्हे असलेल्या शिवराया हा वेगळा गट आहे. लेखाच्या आसपास त्रिशूळ, तलवार, चंद्रकोर, सूर्य, बेलाचे पान, फूल, अंकुश अशा लहान आकृती कोरलेल्या असतात. ही बहुधा टाकसाळीची किंवा मक्तेदाराची खूण असावी. चिन्हांत धार्मिक अर्थ शोधण्याचा मोह होतो, पण नाण्यावरील खुणेचे पहिले काम हे नाणे कोणाचे ते सराफास कळविणे हे असते. अंकुशाची खूण पुण्याच्या अंकुशी रुपयावरही आहे व या साम्यावरून काही शिवरायांचा संबंध पुण्याशी जोडता येतो. सर्वच चिन्हांच्या बाबतीत असा दुवा मिळत नाही.

अर्ध्या वजनाच्या लहान शिवरायाही आढळतात. त्यांचे भेद मोठ्या नाण्यांप्रमाणेच आहेत.

पेशवाईतील चलनात एक विसंगती दिसते व ती शिवराईच्या टिकाऊपणावर प्रकाश टाकते. चांदीचा रुपया मोगल बादशहाच्या नावाने, फार्सी लेखासह पडत होता. त्याच मुलखात, त्याच सत्तेच्या परवानगीने, तांब्याचा पैसा मात्र ‘श्री राजा शिव छत्रपति’ या नावाने पडत होता. रुपया दूरदूरच्या पेठांत व हुंडीच्या व्यवहारात चालावयाचा असल्यामुळे त्यावर हिंदुस्थानभर ओळखीचे नाव लागे. पैसा गावच्या बाजारात, मजुराच्या व शेतकऱ्याच्या हाती फिरे आणि तेथे ओळखीचे नाव हेच होते. दोन्ही गोष्टी व्यवहाराला धरून आहेत. पेशव्यांनी महाराजांचे नाव निष्ठेपोटी राखले, की लोक दुसरा पैसा घेईनात म्हणून राखले, असा वाद घातला जातो. परवान्यांच्या कागदांत वजन व भरणा यांचीच चर्चा असल्याने दुसऱ्या कारणाकडे कल झुकतो.

इंग्रजी अंमलात : १८१८ नंतर कंपनीने पुण्याची टाकसाळ काही वर्षे चालू ठेवली. १८३५ मध्ये कंपनीच्या मुलखासाठी एकरूप चलनाचा कायदा झाला. मुंबईच्या वाफेच्या यंत्रांवर चालणाऱ्या टाकसाळीतील गुळगुळीत, एकसारखे पैसे बाजारात आले. रुपयाचे चौसष्ट पैसे हा हिशेब कायद्याने ठरला. शिवराईचा भाव मात्र तांब्याच्या बाजारभावाप्रमाणे कमीजास्त होत राहिला व सराफ त्यावर बट्टा घेत राहिले. तरीही ग्रामीण भागात ती अनेक दशके चालली. चलनातून गेल्यावर पुष्कळ शिवराया तांबटांच्या मुशीत वितळल्या आणि त्यांबरोबर कित्येक प्रकारही नाहीसे झाले असले पाहिजेत. उरलेल्यांपैकी बऱ्याच घराघरांतील देव्हाऱ्यात पूजेसाठी ठेवल्या गेल्या. देव्हाऱ्यातील नाणी चिंचेने घासून लख्ख केलेली असतात. त्यामुळे अक्षरांच्या कडा बोथट होतात, वजन घटते व मूळ थर नाहीसा होतो.

खोटी नाणी व परीक्षा : शिवराईला मागणी वाढल्यापासून बनावट नाण्यांचा सुळसुळाट झाला आहे. पुष्कळशी खोटी नाणी साच्यात ओतलेली असतात. ठशाने पाडलेल्या नाण्यावर अक्षराच्या पायथ्याशी धातू दाबला गेल्याच्या स्पष्ट कडा दिसतात. ओतीव नाण्यावर त्या जागी गोलसर, मऊ उतार आणि बारीक हवेची छिद्रे असतात व कडेला साच्याची शिवण राहते किंवा ती कानशीने घासल्याच्या खुणा तरी राहतात. हिरवा रंग रसायनाने चढविलेला असेल, तर तो सर्वत्र सारखा असतो व ओल्या कपड्याने सुटतो. हातठशाच्या दोन नाण्यांवर लेखाची मांडणी, चकतीची कड व आघाताचा कल हे सगळे तंतोतंत जुळणे जवळजवळ अशक्य आहे. ते जुळले, तर दोन्ही नाणी एका साच्यातून निघाली आहेत असे समजावे.

खऱ्या नाण्यांच्या कालनिर्णयाला आज सर्वांत आशादायक मार्ग ठशांच्या साखळीचा आहे. दर्शनी व मागील बाजूंचे ठसे एकाच वेळी झिजत नाहीत. एक ठसा फुटला म्हणजे तेवढाच बदलला जातो. म्हणून दर्शनी बाजूचा एकच ठसा मागील बाजूच्या दोन वेगवेगळ्या ठशांबरोबर आढळला, तर ती सर्व नाणी एका टाकसाळीची व जवळपासच्या काळातील ठरतात. ‘शिव–पति’ आणि ‘शीव–पती’ ही नाणी अशा साखळीने जोडली गेली, तर लेखनभेदावरून उभारलेल्या कालक्रमाला तेथेच बाध येतो. साखळीच्या एका टोकाला एखादे सनवार नाणे असलेला निधी मिळाला, तर सर्व साखळीलाच काळ लाभतो. परंतु निधी आहे त्या स्थितीत अभ्यासकाच्या हाती येणे दुरापास्त असते. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार सापडलेल्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे आवश्यक आहे. व्यवहारात मात्र शेतात सापडलेला हंडा बहुधा वर्दीपूर्वीच वाटला जातो आणि नाणी एकेक करून, आपल्या सोबत्यांपासून तुटून, बाजारात येतात. अशा सुट्या शिवराईचा प्रकार सांगता येतो, काळ बहुधा सांगता येत नाही. संग्रहालयांच्या पट्ट्यांवर अशा नाण्यांपुढे ‘शिवाजी महाराजांचे नाणे’ असे न लिहिता ‘शिवाजी महाराजांच्या नावाचे नाणे, सतरावे ते एकोणिसावे शतक’ असे लिहिणे अधिक बरोबर ठरेल. काळ निश्चित करता आलेल्या थोड्या नाण्यांपुढेच साल घालावे.